मुक्तस्रोत कार्यप्रणालीचा स्वीकार : आधी कागदपत्रे, मग यंत्र

ग्रामपंचायतीची कचेरी असो, प्राथमिक शाळा असो वा गावचे सार्वजनिक वाचनालय असो, संगणकावाचून तेथील पान हलत नाही, अशी आजची स्थिती आहे. घरपट्टीची पावती, विद्यार्थ्यांची नोंद, सभासदांची यादी, ग्रामसभेचे इतिवृत्त ही सर्व कामे कागदाच्या बाडांतून निघून या यंत्राच्या उदरात गेली आहेत. मात्र ज्या यंत्राच्या स्वाधीन आपण आपले दप्तर केले, त्याच्याशी आपले नाते मालकाचे आहे की भाडेकरूचे, याचा विचार क्वचितच केला जातो. तो विचार करण्याचा प्रसंग १४ ऑक्टोबर २०२५ या दिवसाने आपल्यापुढे आणून ठेवला.

त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या आपल्या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. त्यामुळे कोणाचा संगणक त्या रात्री बंद पडला नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. तथापि सुरक्षिततेतील छिद्रे बुजविणाऱ्या ज्या दुरुस्त्या नियमाने येत असत, त्या थांबल्या. घरगुती संगणकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि संस्थांसाठी शुल्क भरून कमाल तीन वर्षे वाढीव मुदतीची सोय कंपनीने जाहीर केली. पण ती मुदतच, कायमची व्यवस्था नव्हे. पुढील 'विंडोज ११' घ्यावी तर तिला 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठराविक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. परिणामी, ज्यांचे पडदे, कळफलक व चकत्या उत्तम स्थितीत आहेत असे पुष्कळ संगणक एकाएकी 'जुने' ठरले.

अशा वेळी दोन मार्ग संभवतात. एक, नवीन संगणक विकत घेणे. दुसरा, संगणक तोच ठेवून त्याची कार्यप्रणाली बदलणे. हा दुसरा मार्ग कोणता, तो इतरांनी कसा चोखाळला, त्यात कोण ठेचकाळले आणि मराठीत कामकाज करणाऱ्यांनी कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत पाठात करावयाचे आहे.

कार्यप्रणाली म्हणजे काय?

व्यवहारात आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, तीच कार्यप्रणाली. संगणकाच्या सुट्या भागांना एकत्र कामाला लावणारी ती मूळ आज्ञावली होय. आपण कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटावे, 'छापा' म्हटले की छपाईयंत्राने कागद ओढावा, जतन केलेले टिपण दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडावे, ही सारी व्यवस्था तिच्याकडे असते. पत्र लिहिण्याची, हिशेबाची किंवा चित्रे पाहण्याची आज्ञावली ही तिच्या आधाराने उभी राहते. जोत्यावर घर उभे राहते, तसाच हा प्रकार आहे. भिंतीचा रंग आपण सहज बदलतो. जोते बदलताना मात्र आधी घरातील सामान कोठे हलवायचे याचा विचार करावा लागतो.

भाटकार, मुंडकार आणि संगणक

व्यापारी कार्यप्रणाली आपण विकत घेतली असे म्हणतो; पण वस्तुतः आपणास मिळतो तो केवळ वापराचा परवाना. ती आतून कशी रचली आहे हे पाहण्याचा, तिच्यात बदल करण्याचा किंवा तिची प्रत शेजारच्या शाळेस देण्याचा अधिकार त्या परवान्यात नसतो. तिचा आधार केव्हा थांबवायचा हेही परवाना देणाराच ठरवितो.

गोव्यातील वाचकांस हे नाते समजावून देण्यास फार शब्द लागू नयेत. भाटकाराच्या जमिनीत घर करून पिढ्यान्पिढ्या राहिलेला मुंडकार घर आपले समजे, ते शाकारी, अंगणात तुळस लावी. तरी पायाखालची जमीन त्याची नसे. १९७५ च्या कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण दिले. संगणकाच्या बाबतीत आपण सारे असेच मुंडकार आहोत. भाटकार वाईटच असतो असे नव्हे. या कंपन्यांनी संगणक सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न भल्याबुऱ्याचा नसून अधिकाराचा आहे.

मुक्तस्रोताचा उगम

कोणतीही आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा स्वरूपात लिहिली जाते. या मूळ लेखनास 'स्रोत' म्हणतात. तो स्रोत सर्वांस उपलब्ध करून देणे, वापरण्याची, अभ्यासण्याची, सुधारण्याची व इतरांस वाटण्याची मोकळीक देणे, हे मुक्तस्रोताचे सार होय.

या विचाराच्या मुळाशी कचेरीतील एक नित्याची अडचण आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे संगणकतज्ज्ञ काम करीत असत. तेथील नव्या लेझर छपाईयंत्रात कागद अडकत असे. पूर्वीच्या यंत्राच्या आज्ञावलीत सुधारणा करून त्यांनी कागद अडकल्याची सूचना आपोआप मिळण्याची सोय केली होती. नव्या यंत्राचा स्रोत मात्र त्यांना नाकारण्यात आला. स्वतःच्या कचेरीतील यंत्र दुरुस्त करण्याची पात्रता असूनही परवानगी नाही, हे त्यांच्या मनाला लागले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' या संपूर्ण मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली.

त्या प्रणालीचा गाभा मात्र अपुरा होता. तो आला फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये, आपण हौस म्हणून एक कार्यप्रणाली तयार करीत आहोत, असे जाहीर केले. १९९२ मध्ये त्याने तो गाभा ग्नूच्याच मुक्त परवान्याखाली आणला. हाच 'लिनक्स'. डेबियन, उबुंटू, मिंट ही त्यावर आधारलेल्या निरनिराळ्या संचांची नावे आहेत. आपल्या देशात सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने 'बॉस' नावाचा संच २००७ मध्ये प्रसिद्ध केला व त्यात भारतीय भाषांची सोय केली.

हे काही प्रयोगशाळेतले कुतूहल नव्हे. खिशातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहे. तेव्हा 'हे आम्हाला नवीन आहे' असे म्हणणाऱ्याच्या हातातच ते असते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आपल्याकडील खाजन शेतीचे बांध जसे एकट्याने राखता येत नाहीत, तद्वत ही व्यवस्थाही सामुदायिक आहे. बांधाला भगदाड पडले की ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने हाक द्यावी, ज्याला चिखल लिंपता येईल त्याने लिंपावा, आणि रक्षण मात्र सर्वांच्या शेतांचे व्हावे. येथेही कोणी चूक दाखवितो, कोणी दुरुस्त करतो, आणि अनेक मोठ्या कंपन्याही पगारी माणसे ठेवून या कामास हातभार लावतात.

म्युनिकने शिकविलेला धडा

जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेपुढे आपल्यासारखाच प्रसंग आला होता. तिचे संगणक 'विंडोज एनटी ४' वर चालत आणि त्या प्रणालीचा आधार संपत आला होता. २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांच्या भेटीस आले, तरी निर्णय फिरला नाही. 'लिमक्स' या नावाने चाललेले हे काम २०१३ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा सुमारे १५,००० संगणक बदलण्यात आले होते. मात्र २०१७ मध्ये त्याच नगरसभेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. आणि २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने, जेथे शक्य असेल तेथे मुक्तस्रोतास प्राधान्य देण्याचे धोरण पुन्हा मान्य केले.

या हेलकाव्यांचे कारण यंत्रात शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. तेथील संगणक-विभाग अनेक खात्यांत विखुरलेला होता. बाहेरील कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवघेव करताना मजकुराची मांडणी विस्कटे. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी कधी प्रणालीबद्दल, तर कधी केवळ जुन्या यंत्राबद्दल किंवा मंद सेवेबद्दल असत. पण सर्वांचे खापर फुटे ते नव्या प्रणालीवरच. दहा वर्षे श्रम करून बसविलेली व्यवस्था, माणसांचे मन आणि कागदपत्रांचे स्वरूप यांची घडी नीट न बसल्यामुळे डळमळीत झाली, हा त्यातील बोध आहे.

फ्रान्सच्या ग्रामीण पोलिसांचा क्रम

याउलट उदाहरण फ्रान्समधील 'जांदार्मरी' या पोलीसदलाचे आहे. हे दल मुख्यत्वे खेडी आणि लहान गावे यांची राखण करते. त्यांनी जोत्याला एकदम हात घातला नाही. २००५ मध्ये प्रथम पत्रलेखन व हिशेबाच्या कामासाठी 'ओपनऑफिस' ही मुक्त आज्ञावली आणली, तीही जुन्या विंडोजवरच. २००६ मध्ये इंटरनेट पाहण्यासाठी 'फायरफॉक्स' व टपालासाठी 'थंडरबर्ड' आले. शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांचा हात त्यांवर बसल्यानंतर, २००८ पासून खालची कार्यप्रणाली बदलून उबुंटू बसविण्यास आरंभ झाला. पडद्यावर तीच ओळखीची साधने दिसत असल्याने बदलाचा धक्का सौम्य झाला. २०२४ च्या सुमारास त्या दलाचे जवळजवळ सर्व, म्हणजे एक लाखाच्या घरातील संगणक या पद्धतीने चालू लागले होते.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक तत्त्व ध्यानी येते. जो कागदपत्रे व सवयी आधी बदलतो आणि यंत्र शेवटी बदलतो, तो सुखाने पलीकडे जातो.

केरळमधील शिक्षक

परदेशाचे दाखले पुरे. आता आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे पाहू. केरळ सरकारने २००१ मध्ये 'आयटी@स्कूल' हा शालेय प्रकल्प सुरू केला. पहिल्या दशकातच तो मुक्त आज्ञावलीकडे वळला आणि दहावीच्या संगणक विषयाची परीक्षाही त्याच प्रणालीवर घेतली जाऊ लागली. पुढे २०१७ मध्ये या प्रकल्पाचे रूपांतर 'काइट' या सरकारी कंपनीत झाले. २०१९ मध्ये तिने शाळांसाठी उबुंटूवर आधारित नवा संच काढला. राज्यातील दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर तो बसवावयाचा होता आणि परवान्यांच्या शुल्कापोटी ३,००० कोटी रुपये वाचतील, असा त्या संस्थेचा अंदाज होता.

पैशाची ही बचत लक्षणीय आहेच. परंतु केरळच्या यशाचे खरे इंगित शिक्षकांत आहे. बाहेरून तंत्रज्ञ आणून संगणक बसविण्याऐवजी तेथे शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार करण्यात आले. त्या प्रशिक्षकांनी सहकाऱ्यांस शिकविले. २०१८ पासून 'लिटिल काइट्स' या नावाने विद्यार्थ्यांची मंडळे शाळाशाळांतून उभी राहिली. यंत्र अडले तर तालुक्याच्या गावी निरोप धाडून आठवडाभर वाट पाहण्याऐवजी शाळेतच कोणीतरी हात घालू शकतो, ही निर्भयता त्यातून निर्माण झाली. आज्ञावलीचा स्रोत मुक्त असण्याचा शिक्षणाच्या दृष्टीने हाच मोठा लाभ आहे. विद्यार्थ्याला 'हे असे का?' हा प्रश्न विचारण्यास तेथे आडकाठी नसते.

मराठी कागदपत्रांची विशेष अडचण

इतरांचा अनुभव पाहिला. आता मराठी लिहिणाऱ्यांपुढील एक खास अडचण सांगितली पाहिजे. कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास जे गमवावे लागेल ते पुन्हा मिळणार नाही.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक द्यावा लागतो. युनिकोड या जागतिक संकेतानुसार 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे, आणि तो पणजीत, बेळगावात, इंदुरात किंवा बडोद्यात एकच आहे. परंतु युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, आणि कित्येक ठिकाणी त्यानंतरही, मराठी मजकूर वेगळ्या युक्तीने टंकित केला जात असे. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे आकार बसविलेले टंक वापरले जात. एखाद्या टंकात 'डी' या रोमन अक्षराच्या घरी 'क'चा आकार असे. पडद्यावर 'क' दिसे. संगणकाच्या लेखी मात्र तो 'डी'च राही. तो विशिष्ट टंक संगणकात असेल तोवर सर्व सुरळीत. टंक नाहीसा झाला की मजकूर म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांचा व चिन्हांचा ढीग.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका गावातील वाचनालयाला आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची पुन्हा आवृत्ती काढावयाची होती. प्रसिद्धीच्या कामाचा अनुभव म्हणून मला बोलावणे आले. कार्यवाहांनी मोठ्या जपणुकीने ठेवलेली चकती पुढे केली. नव्या संगणकावर ती उघडली आणि पडद्यावर एकही मराठी अक्षर दिसेना. छापील प्रतींपैकी एकच उरली होती. तिची मधली पाने पावसाळ्याच्या दमटपणाने एकमेकांस चिकटली होती. नेमकी त्याच पानांत वाचनालयाच्या संस्थापकांच्या आठवणी होत्या, आणि त्या सांगणाऱ्यांपैकी कोणीही हयात नव्हते.

कार्यवाह काही वेळ स्तब्ध बसले. मग हळूच म्हणाले, "साहेब, एवढी पुस्तके वाळवीपासून राखली. हे कधी खाल्ले ते कळलेच नाही."

सुदैवाने त्या स्मरणिकेचे टंकलेखन करणारे गृहस्थ हयात होते व त्यांच्या घरी जुना संगणक धूळ खात पडला होता. त्यावर तो टंक सापडला. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि जोडाक्षरांच्या चुका दोन शिक्षिकांनी आठवडाभर बसून दुरुस्त केल्या. आठवणी वाचल्या. परंतु तो संगणक मोडीत गेला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनात येतो. त्या वेळी कार्यप्रणाली बदललेलीही नव्हती. केवळ संगणक नवा होता. मग प्रणालीच बदलू पाहणाऱ्याने किती सावध असावे, हे वेगळे सांगावयास नको.

बदलाचा योग्य क्रम

वरील सर्व अनुभवांच्या आधारे पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

पहिली पायरी : कामांची यादी करावी. संगणकावर रोज, दरमहा आणि वर्षातून एकदा कोणकोणती कामे होतात, ती लिहून काढावीत. हिशेबाच्या काही आज्ञावल्या, डिजिटल स्वाक्षरीची काही साधने, बोटांच्या ठशांची हजेरीयंत्रे आणि काही छपाईयंत्रे केवळ विंडोजवरच नीट चालतात. अशा कामांसाठी एखादा संगणक पूर्वीच्याच पद्धतीने, पण आधार चालू असलेल्या प्रणालीवर ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरी पायरी : दप्तराची प्रत काढावी. सर्व कागदपत्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर घ्याव्यात, त्या वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

तिसरी पायरी : जुन्या टंकांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा. हे काम जुना संगणक चालू असतानाच उरकले पाहिजे. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. जमिनीचे क्षेत्र वा रकमा असलेल्या कागदांत एका आकड्याची चूकही महागात पडते.

चौथी पायरी : विंडोजवरच मुक्त साधने वापरू लागावे. पत्रे व तक्ते यांसाठी 'लिबरऑफिस' घ्यावे. त्याचे पडद्यावरील आदेश मराठीतही मिळतात. कागदपत्रे 'ओपन डॉक्युमेंट' या स्वरूपात जतन करावीत. या स्वरूपास २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली असून ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. टंकलेखनासाठी 'इन्स्क्रिप्ट' कळफलक शिकावा. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला येतात आणि विंडोज असो वा लिनक्स, मांडणी तीच राहते. जुन्या टंकयंत्राच्या मांडणीची सवय असलेल्यांस आरंभी हे जड जाईल. त्यांना सवड देणे हे कार्यालयप्रमुखाचे कर्तव्य आहे.

पाचवी पायरी : न बसविता चाखून पाहावे. लिनक्सचे बहुतेक संच पेनड्राइव्हवरून थेट चालविता येतात. संगणकातील मूळ प्रणालीस धक्का न लावता पडदा, ध्वनी, इंटरनेट आणि विशेषतः छपाईयंत्र चालते की नाही, हे पाहता येते. दोन जीबी स्मृती असलेल्या संगणकावर मिंटसारखा संच चालू शकतो. चार जीबी असल्यास काम सुकर होते.

सहावी पायरी : एकाच संगणकावर आरंभ करावा. महिनाभर त्यावर खरे काम करावे, अडचणींची वही ठेवावी आणि मगच पुढील संगणकास हात लावावा. शाळेत परीक्षेचे व पंचायतीत अंदाजपत्रकाचे दिवस टाळावेत.

सरकारी संगणकाच्या बाबतीत एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. उत्साहाच्या भरात कोणी परस्पर प्रणाली बदलू नये. कार्यालयप्रमुखाची लेखी अनुमती व माहिती-तंत्रज्ञान खात्याचा सल्ला घेऊनच पाऊल उचलावे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले असून, ई-प्रशासनात तिला प्राधान्य द्यावे असे त्यात म्हटले आहे. अनुमती मागताना या धोरणाचा आधार घेता येईल.

काही गैरसमज

'मुक्त' म्हणजे 'फुकट' असा समज रूढ आहे. परवान्याचे शुल्क बहुधा नसते हे खरे. परंतु प्रशिक्षण, दुरुस्ती व देखभाल यांना वेळ आणि पैसा लागतोच. वाचलेल्या रकमेतील काही वाटा माणसे शिकविण्यावर खर्च करण्याची तयारी नसेल, तर हा बदल न करणेच बरे.

'लिनक्सला विषाणू बाधत नाही' हाही असाच समज. धोका कमी असेल; तो नाही असे नव्हे. येथेही दुरुस्त्या नियमाने बसवाव्या लागतात आणि प्रत्येक संचाच्या आवृत्तीस आधाराची मुदत असते. फरक इतकाच की मुदत संपल्यावर पुढील आवृत्ती घेण्यास शुल्क पडत नाही आणि ती न झेपल्यास जुन्या यंत्राला मानवणारा दुसरा हलका संच निवडण्याची मोकळीक राहते.

तिसरा गैरसमज असा की हे काम तज्ज्ञांचेच आहे. केरळमधील शिक्षक तज्ज्ञ म्हणून जन्मले नव्हते.

समारोप

आपल्या पूर्वजांनी मोडीतील दस्त, मंदिरांचे हिशेब आणि गावकारीच्या वह्या जपून ठेवल्या म्हणून गावाचा इतिहास आज आपल्यास वाचता येतो. कागदाला वाळवी लागते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते दरवर्षी ऊन दाखवीत. संगणकातील दप्तरालाही असेच ऊन दाखविण्याची गरज असते. कोणतीही कार्यप्रणाली स्वीकारावी अथवा न स्वीकारावी, हा निर्णय प्रत्येक संस्थेने आपली गरज व कुवत पाहून घ्यावा. परंतु आपली मराठी कागदपत्रे युनिकोडमध्ये व खुल्या स्वरूपात आणण्याचे काम मात्र कोणीही पुढे ढकलू नये. ते एकदा झाले की यंत्र कोणाचेही असो, दप्तराची किल्ली गावाच्याच हाती राहील.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या संस्थेच्या संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे? तिच्या आधाराची मुदत कधी संपते वा संपली?

२. आपल्या कार्यालयात जुन्या टंकांत लिहिलेली कोणती मराठी कागदपत्रे आहेत? ती उघडणारे संगणक किती उरले आहेत?

३. म्युनिक नगरपालिका व फ्रान्सचे ग्रामीण पोलीसदल यांनी स्वीकारलेल्या क्रमांत कोणता भेद दिसतो?

४. आपल्या शाळेतील वा पंचायतीतील कोणती दोन माणसे प्रथम प्रशिक्षण घेऊन इतरांस शिकवू शकतील?